फाल्गुनातली एकटी

पेटीच्या तोंडाशी मुंडकी पडली होती. मधमाशांची मुंडकी, चांगली ओंजळभर. धडं वेगळी, मुंडकी वेगळी, आणि काही धडांचे पाय अजून हलत होते. मी झाकण उघडलं तर आत एक माशी जिवंत नव्हती. मधाला कुणी शिवलंसुद्धा नव्हतं, पण अळ्यांची घरं कोरून कोरून रिकामी केलेली.

ओट्यावरून मामंजींनी विचारलं, "हौसा, तिसऱ्या पेटीचा आवाज का गं येत न्हाई?"

मामंजी म्हणजे माझे सासरे, बयाजी उतेकर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनचं नाव काढलं की दोन दिवस बोलायचे नाहीत. पण आमच्या अकराही पेट्या ते कानानं ओळखायचे. कुठली भुकेली आहे, कुठलीची राणी म्हातारी झाली, सगळं ओट्यावर बसून सांगायचे. दरेवाडीत मधपेट्या आणल्या त्यांनी, चाळीस वर्षांपूर्वी. वैशाखात जांभळाचा मध तयार झाला की वाडीतली पहिली पेटी त्यांच्या हातानं उघडायची आणि मगच बाकीच्यांनी मधाला हात लावायचा, असा रिवाज होता. माझे मालक मिलिटरीत, तिकडं पठाणकोटला. घरात आम्ही दोघंच, मी आणि म्हातारा.

पेटी मेली म्हणून मी सांगितलं. मुंडक्यांचं सांगितलं. तंबाखू चोळणारा त्यांचा अंगठा थांबला.

"ही आपली गांधीलमाशी न्हवं," ते म्हणाले. "ती एक-दोन उचलून न्हेती. आपल्या माशा तिला गराडा घालून उबेनं मारत्यात. ही कोण तरी दुसरीच हाय."

दुसरी कोण ते मला ठाऊक होतं. अख्ख्या वाडीत मला एकटीला ठाऊक होतं, असं मला तेव्हा वाटलं. त्या क्षणापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. चूल पेटवायला जायची आणि परसात उभी राहायची, पाण्याला जायची आणि कळशी घरीच विसरायची.

फाल्गुनात काय झालं ते आता सांगते. आमच्या वाडीच्या वर घाटमाथ्याला एक रिसॉर्ट होतं, तिथं केवी नावाचा स्वयंपाकी होता. नागालँडचा, पण वाडीत सगळे त्याला नेपाळी म्हणायचे. त्यानं तीन-चारदा सांगून बघितलं आणि मग नाद सोडला. त्याच्या स्वयंपाकघराला मध मी द्यायची, म्हणून ओळख. त्या माघात त्यांच्याकडे मोठ्या भट्ट्या आल्या, कुठल्याशा लांबच्या मुलखातून, जाड फळ्यांच्या खोक्यांतून. त्या फळ्या जाळायला निघाल्या होत्या. केवीनं अडवून माझ्यासाठी ठेवल्या, नव्या पेट्या करायला होतील म्हणून. मी डोक्यावरून दोन खेपा केल्या आणि त्या ओट्याखाली रचल्या.

आठ-दहा दिवसांनी एका सकाळी फळीच्या भेगेतून ती बाहेर आली. माझ्या अंगठ्याएवढी, डोकं हळदीसारखं पिवळं, अंगावर काळे-तांबूस पट्टे. असली माशी मी जन्मात बघितली नव्हती. पण थंडीनं गारठलेली. दोन पावलं चालायची आणि कलंडायची. माझ्या पायात चप्पल होती, एक पाऊल टाकलं असतं तर काम झालं असतं.

आमच्या घराची एक शिस्त होती. मी लग्न होऊन आले तेव्हा तिसऱ्या दिवशीच मामंजींनी मला ओट्यावर बसवून सांगितली होती. फाल्गुनात दारात एकटी माशी आली, ती कुठलीही असो, तर तिला मारायचं नाही आणि उपाशी धाडायचं नाही. त्या दिवसांत एकटी हिंडते ती राणी असते, अख्खं घर पोटात घेऊन जागा शोधत असते. आपलं पोट माशांवर चालतं, आपण कुठल्या राणीवर हात उचलायचा नाही. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, माहेर सोडून एकटी आलेली. ते ऐकून मला रडू आलं होतं. या घरात आपल्यालाही कुणी उपाशी ठेवणार नाही, असं काहीतरी मनात आलं होतं.

तर मी आतून बोटावर मध घेऊन आले आणि तिच्यापुढे फळीवर पुसला. ती बराच वेळ प्यायली. उन्हात बसून पंख फडफडवले आणि वर रानाकडं निघून गेली. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. दिवसभर मी गाणं गुणगुणत होते.

आश्विनात तिच्या लेकी आल्या.

आधी एकटी-दुकटी यायची, पेटीपुढे घिरट्या घालून जायची. दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस यायच्या आणि तासाभरात पेटी संपवायच्या. मी सुपानं हाणल्या, धूर केला, पेटीवर मच्छरदाणी टाकली. त्या मच्छरदाणी कातरायच्या. चार दिवसांत आमच्या पाच पेट्या गेल्या. शेजारच्या लक्षू शेलारांच्या सातही गेल्या. लक्षूभावजी तसे बडबडे, दिवसभर कुणाची तरी टर उडवणारे. त्या दिवशी रिकाम्या पेट्यांच्या मधोमध उकिडवे बसलेले मी बघितले आणि मागच्या वाटेनं घरी आले.

पाचव्या दिवशी त्यांची बायको शेवंता गवत कापायला वर गेली आणि तिच्या पाठीत त्या माशा नऊ ठिकाणी चावल्या. झोळी करून तिला रस्त्यापर्यंत आणली, तिथून जीपनं तालुक्याच्या दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी निरोप आला की लघवी चहासारखी होतेय, मूत्रपिंडावर गेलंय, काही सांगता येत नाही. शेवंता माझ्याबरोबरची. आम्ही दोघी एकाच आठवड्यात नांदायला आलो होतो या वाडीत.

संध्याकाळी भैरोबाच्या देवळापुढे बैठक बसली. कुणीतरी खोक्यांचं काढलं. कुणी सांगितलं की नेपाळ्यानं मेलेली माशी हातावर घेऊन ओळखली, आमच्या मुलखातली आहे म्हणाला. कुणी सांगितलं की त्यांच्यात ह्या माशांच्या अळ्या खातात. झालं, सगळं जुळलं. खायला म्हणून त्यानंच आणल्या आणि सोडल्या. लक्षूभावजींचा आवाज बसला होता, तरी तेच बोलले. दसऱ्याच्या आत हा माणूस घाट उतरला पाहिजे, नाहीतर रिसॉर्टची वाट बंद. आणि त्याच्या अंगाला कुणाचा हात लागला तर आम्हाला विचारायला येऊ नका.

मी पदराचं टोक दातात धरून बायकांत बसले होते. उठावं आणि सांगावं, एवढंच तर काम होतं. पण शेवंताची म्हातारी सासू माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती, आणि तिचं अंग थरथरत होतं ते मला कळत होतं. मामंजी खांबाला टेकून होते, मान वाकडी करून, पेटी ऐकतात तसे.  मी तशीच बसून राहिले.

रात्र कशी काढली ते माझं मला माहीत. उजाडल्याबरोबर मी घाट चढले. केवी स्वयंपाकघराच्या मागं सुऱ्या फडक्यात गुंडाळत होता.

"चाललास व्हय?" मी विचारलं.

"मालक बोलला, जा," तो म्हणाला. "पण ताई, मी गेला तरी ती जाणार नाही. आता त्यांच्या घरात नवीन राणी तयार होते. दहा दिवस, पंधरा दिवस. मग सगळ्या उडतात. पुढच्या वर्षी एक घर नाही, शंभर घर. ह्या डोंगरात, त्या डोंगरात."

 एका बोटाच्या मधाची शंभर घरं. मी विचारलं, ते पोळं शोधता येईल का. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि सुऱ्या खाली ठेवल्या. त्यांच्याकडे हे पोरंटोरंही करतात म्हणाला, पण धावावं लागतं. धावता येतं का ताईला. मी म्हटलं, दोन भारे डोक्यावर घेऊन घाट चढते, तू स्वतःचं बघ.

त्याची रीत अशी. काठीच्या टोकाला कोंबडीच्या मांसाचा तुकडा लावायचा आणि उघड्या जागी रोवायचा. माशी येते, मांस कुरतडून गोळी करायला लागते. त्या कामात ती इतकी गुंगते की तिला दुसऱ्या कशाचं भान राहत नाही. तेवढ्यात बारीक दोऱ्याचा फास तिच्या कमरेत अडकवायचा. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पांढऱ्या प्लास्टिकची बोटभर पट्टी. माशी गोळी घेऊन घरी निघते, पट्टीच्या वजनानं हळू उडते, आणि आपण त्या पांढऱ्या पट्टीमागं पळायचं.

त्यानं पहिला फास अडकवला तेव्हा मी वाकून बघत होते. एवढ्या मोठ्या आचाऱ्याची बोटं, पण सुईत दोरा ओवावा इतकी हलकी. पहिली माशी ओढ्यापलीकडं दिसेनाशी झाली. दुसरी कारवीच्या जाळीत अडकून पडली. तिसरीमागं आम्ही निघालो आणि ती थांबेचना. मी लुगड्याचा काचा मारला होता. वर बघायचं म्हणून पायाखालचं दिसत नव्हतं, दोनदा आपटले, गुडघा फुटला. पट्टी झाडाआड गेली की जीव खाली, दिसली की जीव वर. एका खडकाशी केवी धापा टाकत बसला. मी त्याच्या शेजारी टेकले आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"केवी, तिला मी सोडली. फळीतनं निघाली व्हती. मारायची ते मी मध पाजला."

तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं आता शिव्या देईल, द्यायलाच हव्या होत्या. तो हसायला लागला.

"आमच्याकडे पण एकटीला मारत नाही," तो म्हणाला. "सोडतो. मोठं घर करू दे, मग खाऊ." मग त्याचं हसू गेलं. "ताई, तू सांगू नको. मी बाहेरचा माणूस. मला कुठं पण चूल मिळते. तुला कुठं जायचं?"

त्याचं ते बोलणं मला चावल्यासारखं झालं. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण त्याच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. तेच मला अजून सलतं.

पोळं सापडलं ते एका जुन्या ऐनाच्या बुंध्याशी, मुळांमधल्या बिळात. कान दिला तर जमिनीच्या आतून घुमत होतं. लक्षूभावजींच्या गवताच्या पट्ट्यापासून हाकेच्या अंतरावर. माशा चावल्या तेव्हा शेवंता तिथंच विळा मारत होती.

दिवस कलल्यावर माशा घरी परततात, म्हणून आम्ही कडूसं पडायची वाट बघितली. केवीनं रिसॉर्टातून जाड रेनकोट आणले, टोपीवरून मच्छरदाणी, हातमोजे, वर पुन्हा सुतळी. ओल्या पाल्याचा धूर बिळाच्या तोंडातून आत कोंडला. अर्धा तास मी सूप हलवत होते, डोळ्यांतून पाणी, खांदे भरून आलेले. आतली घूमघूम मंद होत होत थांबली तशी त्यानं कुदळ मारली. तरी काही माशा जाग्या होत्याच. दोन त्याच्या मनगटावर हातमोज्यातून चावल्या. तो कुदळ टाकून तसाच दात आवळून बसला, मग पुन्हा उठला. परातीएवढे सात थर निघाले, एकाखाली एक. शेवटच्या दोन थरांवर मोठाली पांढरी टोपणं होती. त्यानं एक नखानं उघडून मला दाखवलं. आत हळदीच्या रंगाचं डोकं, मिटलेले पंख. फळीवर कलंडत होती तशीच ती, हुबेहूब.

"चार-पाच दिवस," तो म्हणाला. "मग उडाल्या असत्या."

एकशे ऐंशीपर्यंत मी टोपणं मोजली आणि मग मोजणं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सगळ्यांनी बघावं म्हणून ते थर देवळापुढे नेऊन मांडले. बायामाणसं वाकून वाकून बघत होती. तालुक्याहूनही निरोप आला होता की शेवंताला लघवी साफ झाली, धोका टळला. वाडीत पाच-सहा दिवसांनी माणसं मोठ्यानं बोलत होती. केवीचा हात सुजून कोहळ्याएवढा झाला होता. तो कडेला उभा होता.

लक्षूभावजी पुढं झाले. हातात नारळ. त्यांनी केवीला मध्ये बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"ह्यानं आणली, ह्यानंच निस्तरली. माझ्या बायकोचा जीव वाचला, माझं काय म्हणणं न्हाई. वाडीनं ह्याला माफ केलंय. राहू द्या त्याला हितं."

सगळे हो हो म्हणाले. कुणी टाळी वाजवली. केवीनं सुजल्या हातानं नारळ घेतला आणि मान खाली घातली. माफी घेत होता तो. जे केलंच नाही त्याची, चारचौघांत, मान वाकवून. आणि जिनं केलं ती मी, हळदीकुंकवाचं ताट हातात धरून त्याच्यापुढं उभी होते. त्याच्या कपाळाला कुंकू लावायला मलाच पुढं केलं होतं.

माझ्यानं राहवलं नाही. मी ताट खाली ठेवलं. "थांबा," मी म्हणाले, "मला सांगायचंय."

सगळ्या माना वळल्या. लक्षूभावजींच्या चेहऱ्यावर अजून ते मोठेपणाचं हसू होतं. त्यांची आई पुढच्याच ओळीत बसलेली. 

"हौसा," खांबाकडून मामंजी म्हणाले, "बस खाली. म्या सांगतो."

ते खांबाला धरून उठले. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून भलत्याच दिशेला तोंड करून बोलले, देवाकडं पाठ आणि वाडीकडं खांदा.

"त्या पोरानं कायबी आणलं न्हाई. फाल्गुनात एकटी माशी माझ्या दारात आली व्हती. म्या सोडली तिला. मध पाजून सोडली."

 मी उभी होते. एक शब्द बोलायचा होता, "नाही" एवढाच. तो तोंडात तयार होता. केवी माझ्याकडं बघत होता, हातात नारळ घेऊन. मग मी खाली बसले.

 लक्षूभावजींनी आईला उठवलं, दंडाला धरलं आणि घरी गेले. त्यांच्यामागं एकेक करून सगळे गेले. सातही थर तिथंच उन्हात पडले होते.

मी मामंजींना हात धरून घरी आणलं.  ओट्यावर बसवलं आणि तिथंच माझा संताप उसळला. मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. तुम्हाला दिसत नाही, तुम्ही कशाला पुढं पुढं करता, कोण म्हणालं तुम्हाला तिला सोडली म्हणून, असं वाट्टेल ते बोलले आणि रडले. ते चंची उघडून सुपारी चाचपत बसले.

"दिसत न्हाई," ते म्हणाले. "ऐकू येतंय की. त्या दिवशी हितंच बसलो व्हतो न्हवं का मी. केवढा दांडगा आवाज तिचा. मधीच गप झाली, ती पार गप. मग उडाली ती वर रानाकडं."

म्हणजे म्हाताऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी मुंडक्यांचं सांगितलं तेव्हा, बैठकीत खांबाला टेकून ऐकत होते तेव्हा. मी बोलते का, याची वाट बघत होते.

त्यानंतरच्या वैशाखात वाडीनं पहिली पेटी उघडली, तेव्हा मामंजींना कुणी बोलावलं नाही. ते पहाटेपासून धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले होते. लांबून धुराचा वास आला, माणसांचे आवाज आले. ते उठले, सदरा काढून खुंटीला लावला आणि पुन्हा येऊन बसले. पुढच्या वैशाखाला ते नव्हते. केवी अजून तीन वर्षं होता, मध न्यायला येताना तंबाखू आणायचा त्यांच्यासाठी, ते गेल्यावरही एकदा विसरून घेऊन आला. शेवंता बरी झाली, आता तिला नातवंडं आहेत, आमच्या दारावरून जाताना हाक मारते. हे तिला मी आजवर सांगितलेलं नाही. चौदा वर्षं झाली.

पण त्या खंडेनवमीचं एक राहिलं. माझं रडून झालं, मी नाक पुसलं आणि चुलीकडं जायला उठले, तेव्हा मामंजींनी मला हाक मारली. काहीतरी विचारायचं होतं, पण कसं विचारावं ते सुचत नव्हतं. अडकित्त्यात सुपारी धरून तसेच थांबले.

"हौसा, ती लई लवकर उडाली गं," ते म्हणाले. "पोटभर पिली का ती? अर्धपोटी तर न्हाई ना गेली?"

"न्हाई," मी म्हणाले. "पोटभर पिली."

"मग झालं," ते म्हणाले, आणि सुपारी कातरायला लागले.